जुना फिल्टर

एमआरच्या, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या, नोकरीला तीन गोष्टी लागतात: बॅग, बूट आणि मोटरसायकल. बॅग कंपनी देते, बूट दिवाळीच्या बोनसमधून होतात. मोटरसायकल मात्र स्वतःची, स्वतःच्या हप्त्यांची, आणि ती बंद पडली की त्या दिवसाचे डॉक्टर बुडाले. माझ्याकडे भाग होता कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, अधूनमधून मुरबाड आणि शहापूर. महिन्याची मीटिंग ठाण्याला, नौपाड्यात. टार्गेट, इन्सेंटिव्ह, बढती हे सगळं त्या दोन चाकांवर अवलंबून. ती चाकं ज्यांनी फिरती ठेवली त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

त्यांचं गॅरेज डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत. गॅरेज म्हणजे एक गाळा, पुढे फुटपाथवर ताडपत्री आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. मूळ कुडाळकडचे. गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठी, पण गाडी उघडली की मालवणी सुरू. नाव लिहीत नाही. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही, आणि एरवीही त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

स्वभावाने माणूस फटकळ. ‘उद्या मिळेल का?’ असं विचारलं की गाडी परवावर जायची. पण त्यांची एक सवय मला इतर कुठल्या गॅरेजात दिसली नाही. गाडीतून काढलेला कुठलाही भाग गिऱ्हाइकाच्या समोर ठेवल्याशिवाय ते टाकून देत नसत. ‘आधी बघ, मगे टाक,’ हे त्यांचं वाक्य. पोरालाही तेच, डॉक्टरलाही तेच.

माझी पहिली गाडी स्प्लेंडर. हीरो होंडाने ती १९९४ मध्ये आणली, पण तिचं ९७ सीसीचं आडवं इंजिन सीडी १०० मधून १९८५ पासून आपल्या रस्त्यांवर होतंच. एकदा रांगेत माझ्या पुढे असलेल्या गिऱ्हाइकाने ऐटीत सांगितलं, ‘मेस्त्री, ऑइलबरोबर ऑइल फिल्टरपण नवा टाका.’ त्याचीही गाडी स्प्लेंडरच. मेस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘फिल्टर आसा, पण विकत गावणा नाय. थांबा, दाखवतंय.’

त्या दिवशी त्यांनी माझ्या गाडीचं क्लच कव्हर खोललं. किक काढली, क्लचची केबल सोडवली, खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. कव्हराचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कव्हराचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचला. आत क्रँकच्या टोकाला वाटीएवढी एक गोल डबी होती. तिचं झाकण काढलं तेव्हा आतल्या कडेला काळा, घट्ट थर चिकटलेला. आइस्क्रीमच्या काडीने त्यांनी तो खरवडला आणि काडी माझ्या नाकापुढे धरली. त्या इंजिनात कागदाचा फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि ही डबी. क्रँक मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्याच्याबरोबर डबी फिरते, आणि तेलातला जड कचरा केंद्रोत्सारी बलाने कडेला फेकला जाऊन तिथेच बसतो. स्वच्छ तेल मधल्या वाटेने पुढे जातं. शाळेत केंद्रोत्सारी बल शिकवणाऱ्या आमच्या सरांनी आयुष्यभर हीच गाडी चालवली. आपल्या मांडीखाली त्याचं प्रात्यक्षिक रोज चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

सर्व्हिसिंगला गेलेल्या कितीतरी स्प्लेंडरची ती डबी वर्षानुवर्षं उघडलेली नसते, कारण ती उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला ती आहे हेच माहीत नसतं. मेस्त्रींकडे ते काम बिलात वेगळं लिहिलेलं नसे. त्यांच्या लेखी ऑइल बदलणं म्हणजे तेच.

नंतर मी पल्सर घेतली. १५० सीसी, डीटीएस-आय, चाकणची. हिला मात्र कागदाचा फिल्टर होता: उजव्या बाजूला छोटं गोल झाकण, आठ नंबरच्या पान्याचे बोल्ट, आत घड्या घातलेल्या कागदाचं नळकांडं. बघायला पाच मिनिटांचं काम. मेस्त्री त्याला अर्धा तास घेत, आणि तो अर्धा तास मी कडेच्या स्टुलावर बसून काढत असे. माझं खरं शिक्षण त्या स्टुलावर झालं.

इंजिन कोमट हवं. गार तेल जाड असतं, त्यातला गाळ तळाशी राहून जातो. आणि नुकतीच धावून आलेली गाडी उघडली तर हात भाजतो. म्हणून गाडी आली की आधी माझा चहा व्हायचा. मग ड्रेन बोल्ट. तेल धारेने पडून थेंबांवर येईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. तो दाबून बसण्यासाठीच असतो, एकदा दाबला गेला की त्याचं काम संपलं. मग झाकणाचे बोल्ट. तिथे त्यांच्या हातात फिक्स पाना कधी दिसला नाही, रिंग पाना नाहीतर टी. फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो. बोल्ट हटला नाही की पाना सरकतो, डोकं गोल होतं आणि पुढचं सगळं रामायण. हट्टी बोल्टच्या डोक्यावर ते आधी लहान हातोडीने एक टिचकीवजा ठोका देत. अडकलेले आटे त्या हादऱ्याने सुटतात, आणि मग पाना अलगद फिरतो. झाकण चिकटलं असेल तर फटीत पेचकस घालायचा नाही. हातोडीचा लाकडी दांडा घ्यायचा आणि झाकणाच्या कडेने हळूहळू वाजवत जायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडावर पेचकसाचा एक ओरखडा पडला तर तिथून तेल पाझरतं, आणि मग लोक तो पाझर बंद करायला सिलिकॉनची पेस्ट थापतात.

पेस्टवर त्यांचा विशेष राग होता. तो का, ते मला एका दुसऱ्याच गाडीच्या फिल्टरवरून कळलं. कुठूनतरी ‘इंजिन काम’ करून आलेली ती गाडी. मेस्त्रींनी फिल्टर काढला, घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला, ब्लेडने टोकाच्या चकत्या कापल्या आणि कागदाच्या घड्या उलगडून पसरल्या. बहुतेक फिल्टरमध्ये तेल बाहेरून आत जातं, त्यामुळे कचरा बाहेरच्या अंगाला अडकतो आणि उलगडलेल्या कागदावर तो वाचता येतो. त्या कागदावर शेवयांसारखे करडे तुकडे होते. जोडाच्या आत निघालेली जादा पेस्ट तुटून तेलात आली होती. फिल्टरपर्यंत आली म्हणून दिसली. तेलाच्या एखाद्या बारीक भोकात अडकली असती तर वरचा कॅम कोरडा पडला असता.

माझा फिल्टरही ते असाच वाचत. उलगडलेला कागद उन्हात तिरका धरायचा. चंदेरी झाक दिसली आणि गाडी नवी असली तर काळजी नाही, सुटे भाग एकमेकांना घासून बसत असतात. डोळ्यांना दिसण्याएवढी चकाकणारी कपची दिसली तर काळजी. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कागदाखालून फिरवायचं. कपची हलली तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. नाही हलली तर अ‍ॅल्युमिनियम. आणि तपकिरी, तंतुमय कचरा असेल तर क्लच प्लेट.

एका मार्चमध्ये माझ्या कागदावर तपकिरी तंतू निघाले. गाडी चालवताना मला काहीही जाणवत नव्हतं. मेस्त्री म्हणाले, शिळफाट्याच्या जाममध्ये ज्याची गाडी रोज अर्ध्या क्लचवर असते त्याच्या प्लेटा अशाच जाणार, आता बदल. बदलल्या. काढलेल्या प्लेटा त्यांनी नव्यांच्या शेजारी ठेवल्या तेव्हा झिजेतला फरक बोटाला कळत होता. मार्चएंडला टार्गेटची धावपळ, रोज मुरबाड नाहीतर शहापूर. त्या महिन्यात वाटेत क्लच सरकला असता तर माझं त्या वर्षीचं इन्सेंटिव्ह गेलं असतं. ते मिळालं. त्यातून घरात पहिलं वॉशिंग मशीन आलं.

आता २००५ ची गोष्ट. २६ जुलैला, मंगळवारी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा मुंबईचा म्हणून सगळ्यांना पाठ आहे. पण उल्हास नदी आमच्याकडची. कल्याण, बदलापूर आणि डोंबिवलीच्या खाडीकडच्या भागात जे पाणी चढलं ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. आम्ही तेव्हा डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी ओसरलं तेव्हा घरात गाळ होता, गाद्या गेल्या होत्या, सॅम्पलची खोकी भिजून लगदा झाली होती, आणि जिन्याखालची पल्सर आरशापर्यंत बुडून निघालेली.

शेजारच्या मुलाला घेऊन गाडी ढकलत कोपरच्या पुलावरून पूर्वेला नेली. मेस्त्रींच्या गल्लीत गाड्यांची रांग टोकापर्यंत लागलेली. प्रत्येकाला ते पहिला प्रश्न एकच विचारत होते: ‘चालू केलंस काय?’ मी नाही म्हटलं. वाहत्या पाण्याचा आवाज कानात असताना किक मारायचं सुचलंच नव्हतं. ‘बरा केलंस,’ ते म्हणाले.

यात काय बरं होतं ते दहा मिनिटांत समोर दिसलं. बुडालेलं इंजिन कुणी फिरवलं नसेल तर आत गेलेलं पाणी तेलाखाली, तळाशी वेगळं राहतं. पाणी जड, तेल हलकं. मेस्त्रींनी माझा ड्रेन बोल्ट पूर्ण काढलाच नाही, दोन आटे सैल केला. आधी गढूळ पाणी ठिबकलं. ते ठिबकत राहिलं, मग धार काळी झाली, तेव्हा बोल्ट काढला. शेजारच्या गाडीचा मालक मात्र दोन दिवस किका मारून आला होता. त्याच्या गाडीतून दुधाळ, फेसाळ असं काहीतरी बाहेर पडलं. पाणी आणि तेल घुसळून एक झालं की त्याचं वंगण होत नाही आणि ते सहजासहजी निघतही नाही. त्या गाडीला अनेकदा तेल भरून काढावं लागलं. माझ्या गाडीचा प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी किकने बाहेर उडवलं, कागदाचा फिल्टर काढला. पाण्याने फुगून त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. एअर फिल्टरही गेला. साधं तेल भरून इंजिन थोडा वेळ चालवलं, गरम असतानाच सांडलं, मग दुसरा नवा फिल्टर आणि चांगलं तेल. इतक्या गाड्यांसाठी एवढे फिल्टर त्या आठवड्यात त्यांनी कुठून मिळवले, मला माहीत नाही.

पैसे विचारले तेव्हा त्यांनी उलट विचारलं, ‘घरात पाणी इल्ला होता?’ हो म्हटलं. ‘मगे तेलाचे आणि फिल्टरचे दी. हाताचे नको.’

रांगेतल्या प्रत्येकाला हाच प्रश्न होता. ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं त्याच्याकडून मजुरी नाही. ज्याचं घर वरच्या मजल्यावर कोरडं, फक्त गाडी बुडाली, त्याच्याकडून पूर्ण पैसे, आणि त्यात घासाघीस नाही. मोठेपणाचा एक शब्द नाही, पाटी नाही. मी दोन महिन्यांनी, पगार मार्गी लागल्यावर, मजुरीचे पैसे पाकिटात घालून नेले. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाले, ठाण्याला मीटिंगला जातोस ना, तिथून माझं सामान आणत जा.

ते सामान आणण्यातून दुसरं शिक्षण सुरू झालं: फिल्टर निवडायचा कसा. ठाण्याच्या दुकानातून मी त्यांनी सांगितलेला फिल्टर आणायचो. एकदा दुकानदाराने तसाच दिसणारा, अर्ध्या किमतीचा दिला. मेस्त्रींनी दोन्ही शेजारी ठेवले आणि कापले. अस्सलात घड्या दाट, सारख्या अंतराच्या, टोकाला डिंक सलग. स्वस्तातल्यात घड्या मोजक्या, आणि एका बाजूला कागद चकतीपासून सुटलेला. त्या फटीतून तेल न गाळताच पुढे गेलं असतं. रबर बोटांनी वाकवून बघायला लावलं. एक वाकलं आणि सरळ झालं, दुसऱ्यावर बारीक भेगा पडल्या. ‘खोक्यार जाव नको,’ म्हणाले. खोकी तर दोन्ही तितकीच चकाचक होती.

फिल्टर तुंबला तर काय होतं, हेही त्याच दिवशी कळलं. इंजिन उपाशी मरू नये म्हणून बहुतेक फिल्टरच्या व्यवस्थेत एक आडवाट ठेवलेली असते. कागदातून तेल जाईना की दाबाने एक झडप उघडते आणि तेल न गाळलेलंच पुढे धावतं. गाडी चालत राहते, चालवणाऱ्याला काही कळत नाही, आत मात्र कचरा फिरतो. म्हणून गाडी ‘मस्त चाललीय’ हा युक्तिवाद मेस्त्री ऐकून घेत नसत. आपल्याकडे तर किलोमीटरचा हिशोबही फसवा. तीन हात नाक्याला किंवा शिळफाट्याला पाऊण तास इंजिन चालू असतं आणि काटा एखादा किलोमीटर पुढे सरकतो. पुस्तकात लिहिलेल्या आकड्याच्या आधीच ते माझं तेल बदलत.

तेलाच्या बाबतीत एकच कडक नियम: मोटारीचं तेल मोटरसायकलला नाही. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. यासाठी जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये वेगळी प्रत ठरवली, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असतं. मेस्त्रींना जासो म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण डब्यावरची अक्षरं ते बरोबर शोधत.

परतफेड म्हणावी असं माझ्याकडून एकच झालं, तेही अर्धवट. त्यांच्या हातांची कातडी फाटायची, खाज सुटायची. त्वचारोगतज्ज्ञांकडे माझं रोजचं जाणं, त्यामुळे वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला काय करतं हे मी ऐकून होतो. डॉक्टरांकडे नेलं, मलम आणून दिलं, हातमोज्यांचा खोका आणून दिला. मलम लावलं. हातमोजे घालून एक बोल्ट फिरवला आणि काढून ठेवले. ‘ह्येच्यातून बोल्ट काय बोलता ता कळणा नाय.’ मग निदान काम झाल्यावर रॉकेलने हात धुणं सोडा, साबण वापरा, एवढं मात्र त्यांनी ऐकलं.

काळं तेल ते गटारात कधी ओतत नसत. कॅन भरून ठेवत, न्यायला माणूस येई. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि २०१६ चे केंद्राचे नियम त्यासाठी आहेत. पण मेस्त्री त्याच्या कितीतरी आधीपासून कॅन भरत होते. कारण विचारलं तर म्हणाले, गटार खाडीत जातं आणि खाडीतले मासे आपणच खातो.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. लॅपटॉप लावून गाडी तपासणं त्यांना जमलं नाही आणि जमवायचंही नव्हतं. त्यात इमारत पुनर्विकासाला गेली. मेस्त्री कुडाळला परतले. तिथे शेतीचे पंप, गावातल्या दोन-चार जुन्या गाड्या, चालू आहे.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या इंटरसेप्टर ६५० चं ऑइल आम्ही दोघांनी मिळून बदललं. तिचा फिल्टर डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा, इंजिनच्या पुढे सायलेन्सरच्या पाइपांच्या मध्ये. तो काही केल्या हटेना. भाचा म्हणाला, पेचकस आरपार ठोकू आणि फिरवू. पत्रा फाटला तर धरायलाच काही उरत नाही, हे मला आठवत होतं. मी कुडाळला फोन लावला. मेस्त्रींनी ही गाडी कधी उघडलेली नाही. तरी विचारलं, जागा केवढी, हात किती जातो. मग सांगितलं: फिल्टरवरचं तेल पुसून कोरडं कर, जुन्या सायकल ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळ, दोन्ही हातांनी धर, हळू जोर लाव. सुटला. लगेच त्यांचा पुढचा प्रश्न: ‘रबराची रिंग फिल्टराक आसा की थंयच रवली?’ इंजिनलाच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवा फिल्टर बसवला असता तर दोन रबरं एकावर एक येऊन पहिल्याच फेरीत सगळं तेल रस्त्यावर गेलं असतं. जुनी रिंग काढली, तोंड पुसलं, नव्या रबराला बोटाने तेल लावलं, हाताने फिरवून रबर टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पाना नाही.

भाच्याने पैसे विचारायला सांगितलं. मी विचारले नाहीत, उत्तर ठाऊक होतं. गणपतीत कुडाळला जाणार आहोत, त्याला बरोबर नेणार आहे.

तुमची गाडी यापुढे सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा एवढं करा: आपल्या गाडीला कुठला फिल्टर आहे, कागदाचा की फिरती डबी, ते आधी विचारा. काम होताना तिथे थांबा आणि काढलेला फिल्टर मागून घ्या. नवा नंतर लावू द्या.